कोऱ्या तालुक्यातली खरपुडी

२१ जुलै

जामखेड, कर्जत, पाथर्डीच्या कोरड्या पट्ट्यातल्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो, आपल्याला पाट दिला नाही, ते आपण सोसलं. रेल्वे दिली नाही, तेही सोसलं. दसऱ्यानंतर कोयते बांधून निघालेल्या आपल्या गाड्या बघून उसाच्या पट्ट्यातली माणसं गालात हसली, ते आपण गिळलं. पण आज मला कळलं की आपल्याला फुलंसुद्धा नाकारली आहेत.

हे मी डायरीत लिहिते आहे. समोर मंडप नाही, माईक नाही. खिडकीत फक्त शेजारच्या भीमाबाईची शेळी आहे आणि तिनेही मान फिरवली. तीस वर्षं शाळेत शिकवलं, व्याख्यानं आणि मोर्चे केले की असं होतं. पेन धरलं तरी समोर माणसं दिसायला लागतात.

झालं ते असं. माझ्या भावाची मुलगी धनश्री राहुरीला वनस्पतिशास्त्र शिकते. तिच्या कॉलेजात वाळवलेल्या झाडांचा मोठा संग्रह आहे. जाड कागदावर दाबून शिवलेलं झाड आणि कोपऱ्यात चिठ्ठी: कुठे मिळालं, कधी, कोणाला. शंभर वर्षांपूर्वीचे कागदही तिथल्या कपाटांत आहेत म्हणे. धनश्रीला प्रकल्पासाठी एकच वेल दिली आहे, खरपुडी. कोरड्या, मुरमाड, उघड्या जमिनीवरची. कंदिलासारखं फूल येतं आणि खाली जमिनीत कंद असतो. शाळा चुकवून आम्ही तो कंद उकरून खायचो. जिल्ह्यात खरपुडी कुठे कुठे मिळाली हे त्या कागदांवरून काढायचं आणि नकाशावर ठिपके द्यायचे, असं काम.

आज तिने नकाशा पाठवला. नगरभोवती ठिपके, राहुरीकडे, श्रीगोंद्याकडे, पार पुणतांब्यापर्यंत. आणि जामखेड तालुका पांढराशुभ्र. धुऊन वाळत घातल्यासारखा.

मी लगेच फोन लावला. आमच्या खडकदऱ्याच्या माळावर खरपुडी नाही असं म्हणणारा कोण आहे, विचारलं. ती म्हणाली, "आत्या, सर म्हणतात, नोंद नाही."

सर म्हणजे प्राध्यापक सूर्यभान धनवटे, संग्रहाचे प्रमुख. नंबर घेतला आहे. उद्या बघते त्यांच्याकडे.

२२ जुलै

धनवटे सरांशी बोलले. म्हणजे, मी बोलले. आमच्याच तालुक्यातल्या खर्ड्याच्या लढाईपासून सुरुवात केली. लढाई पुस्तकात आली, पण त्या रणांगणावरची वेल तुमच्या कपाटात आली नाही, असा मुद्दा होता. मध्येच वाटलं फोन तुटला. "हॅलो" म्हटलं, तर "ऐकतोय" म्हणाले.

माझं संपल्यावर म्हणाले, "नोंद नाही म्हणजे फूल नाही असं नाही, बाई. नोंद नाही म्हणजे कोणी गेलं नाही."

मग त्यांनी मला ठिपक्यांवरून बोट फिरवायला सांगितलं. फिरवलं. ठिपके ओळीने आहेत. ती ओळ दौंड-मनमाड रेल्वेची आहे. जुने लोक स्टेशनवर उतरायचे, ऊन चढेपर्यंत आसपास हिंडायचे, मिळेल ते दाबायचे आणि पुढची गाडी पकडायचे. पुढच्या पिढ्याही तिथेच गेल्या, कारण नोंद तिथली होती. "हा नकाशा फुलांचा नाही," सर म्हणाले, "फुलं शोधणाऱ्यांच्या पायांचा आहे."

हे वाक्य माझं असायला हवं होतं. इतकं चांगलं वाक्य इतक्या हळू आवाजात बोलणं म्हणजे वाक्यावर अन्याय आहे. कमी बोलणाऱ्या माणसांचा मला मुळात संशय येतो.

मूळचे पुणतांब्याचे, गोदाकाठचे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा नाशिकला. चहा बिनसाखरेचा. ऑगस्टअखेर निवृत्त होताहेत. हे धनश्रीने आपणहून सांगितलं. मी एवढं काही विचारलं नव्हतं.

२७ जुलै

सकाळी सरपंच आबासाहेब आले. चेहरा लग्नघरासारखा. पुण्याची एक संस्था आमच्या गायरानावर, भैरोबाच्या माळावर, झाडं लावणार आहे. जेसीबीने खड्डे, हजारो रोपं, कुंपण, सगळा खर्च त्यांचा. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला की लगेच मशिन लागणार.

"बाई, तुमचंच सपान हाय हे," आबासाहेब म्हणाले. "तुमचं नाव घेऊनच ती मान्सं आली."

माझं नाव कशाला, ते मला कळलं नाही, पण छाती फुगली हे खरं. सावलीसाठी मी जन्मभर भांडले आहे. शाळेतल्या मुलांना मधल्या सुट्टीत उभं राहायला झाड नव्हतं तेव्हापासून. त्यांना चहा दिला आणि ठरावाच्या बाजूने मीच बोलेन असं सांगून टाकलं.

दुपारी भांडी घासताना हात थांबला. खरपुडी कुठे येते? भैरोबाच्या माळावर. आणखी कुठे? आठवून पाहिलं. बाकी सगळं नांगरटीखाली गेलं आहे. आणखी कुठेच नाही.

हात पुसून सरांना फोन केला. या वेळी खर्डा वगैरे काही नाही, सरळ विचारलं. ते म्हणाले की खरपुडीला उघडा मुरूम लागतो, कुसळी गवत, अधूनमधून झुडूप. ती पावसाआधी महिनोन्‌महिने जमिनीत झोपून असते. तिथे मशिन फिरलं आणि वर दाट सावली झाली की ती गेली.

"मग ठराव थांबवू कशाच्या जोरावर?" मी म्हटलं. "नकाशात तर आम्ही कोरे."

"मग नकाशा भरू. फुलासकट एक नमुना हवा. शनिवारी येतो."

शनिवारी एस.टी.ला फार गर्दी असते, मी सांगितलं. म्हणाले, उभा राहीन.

२ ऑगस्ट

आजचा दिवस नीट लिहून ठेवला पाहिजे.

सर आणि धनश्री उतरले. उंच, सडपातळ माणूस, कापडी टोपी, खांद्याला पिशवी, काखेत दोन लाकडी जाळ्यांमध्ये रद्दी दाबून पट्ट्याने आवळलेली. झाडं दाबायचं साधन. आणि खिशात वही. इथेच घात झाला.

आमच्याकडे वही घेऊन आलेल्या माणसाला एकच उत्तर द्यायची रीत आहे. आणेवारीला तलाठी येवो, दुष्काळ बघायला पथक येवो, उत्तर ठरलेलं: काय न्हाई. पीक? काय न्हाई. चारा? काय न्हाई. एकदा कोणी तरी भोळेपणाने "आहे थोडं" म्हणाला आणि टँकर बंद झाला. तेव्हापासून हे शहाणपण आईच्या दुधातून येतं.

सरांनी भीमाबाईला नमस्कार करून विचारलं, माळावर कोणकोणत्या वेली आहेत. भीमाबाईने कपाळाला हात लावला. "काय न्हाई ओ सायेब हितं. कुसळं हायती नुसती, ती बी औंदा बारीक." तिच्यामागे शेळ्या पोट टम्म करून रवंथ करत होत्या. पुढे छगन आपल्या विहिरीच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून असा उभा राहिला की आत दिसू नये. श्रावण चालू आहे, विहीर काठोकाठ आहे, आत बेडकांची सभा भरली आहे, आणि हा म्हणतो, "तळ लागलाय सायेब, तळ."

सर मान डोलवत वहीत काही लिहीत होते. मला वाटलं, आता हा माणूस परत जाऊन लिहिणार, जामखेड: काही नाही. माझा तोल गेला. पारावर चढले आणि अर्धा तास बोलले. हा माणूस सरकारचा नाही, पैसेवारीचा नाही, हा तुमच्या खरपुडीसाठी उभ्याने एस.टी.त आला आहे. तुम्ही त्याला खोटं सांगता? आपल्या मातीला आपणच वांझ म्हणता? कोणी शिकवलं तुम्हाला हे?

आबासाहेब खाली बघून मिशीत हसत होते. का ते कळलं नाही.

"खरपुडी व्हय?" भीमाबाई म्हणाली. "मग आदी न्हाई का सांगायचं."

आणि तासाभरात माझ्या ओट्यावर परात आली. परात भरून खरपुडी. धुतलेली, सोललेली, शेजारी मिठाची पुडी. छगनची बायको, त्याची आई, वरच्या वस्तीवरच्या दोघी, सगळ्यांनी आपापल्या ठिकाणाहून आणलेली. पाहुण्याला आणि काय द्यायचं.

सर परातीकडे बघत राहिले. मग एक कंद उचलून मिठाला लावला आणि खाल्ला. सावकाश. म्हणाले, चाळीस वर्षं हिच्यावर शिकवतोय, चव आज कळली. दुधासारखी, ओल्या शेंगेसारखी. मग माझ्याकडे वळून, आवाज तोच, म्हणाले, "पण बाई, नोंदीला फूल लागतं. पोटात गेलेलं चालत नाही."

पूर्ण ओटा हसला. मीही. धनश्रीने फोटो काढला. त्यात मी परात धरून उभी आहे आणि सर हसताहेत, चष्मा घसरलेला. मी तिला म्हटलं मला पाठव. पुरावा म्हणून.

४ ऑगस्ट

काल देवळाच्या भोंग्यावरून गावाला आवाहन केलं. खरपुडी उकरू नका. ती आपला ठेवा आहे, अमूल्य आहे, पुण्या-मुंबईला नाही अशी दौलत आपल्या माळावर आहे. बोलणं चांगलं झालं. माझा आवाज वरच्या वस्तीपर्यंत गेला म्हणे.

आज सकाळी माळावर गेले तर अर्धं गाव खुरपी घेऊन तिथे.

सरांना फोनवर सांगितलं. मला वाटलं चिडणार. मग खोकल्यासारखा आवाज आला आणि कळलं की हसताहेत. म्हणाले, "अमूल्य म्हटलं की माणूस पिशवी घेऊन निघतो. पुढच्या वेळी फक्त 'फुलू द्या' म्हणा."

दोन शब्द. माझ्या पाऊण तासाला दोन शब्दांची दुरुस्ती. तरी संध्याकाळी भोंग्यावरून तेवढंच म्हटलं. फुलू द्या. खाली उतरले तर पुजारी विचारतो, बाई, तब्येत बरी हाय ना?

९ ऑगस्ट

आज राखीपौर्णिमा आणि सर पुन्हा आले. बहीण कर्जतला असते, राखी बांधून घेतली, जामखेड वाटेतच आहे म्हणून आलो, म्हणाले. राहुरीहून कर्जत आणि कर्जतहून राहुरी, यात जामखेड कुठून येतं हे नकाशावाल्या माणसाला विचारायला हवं होतं. राहून गेलं. भीमाबाई मात्र शेळ्या हाकत हाकत बोलून गेली, "सायेबाला लई लांबची वाट जवळ पडाया लागली." म्हातारीचा भूगोल कच्चा आहे.

दोघं माळावर हिंडलो. उकरलेले खड्डे दिसले की माझा जीव कासावीस व्हायचा. मी बोलत होते, सर गुडघ्यावर बसून गवत बाजूला करत होते. मधूनच ते "हं" म्हणायचे. लोकांचं "हं" मला कळतं, पुढे बोला की आता थांबा. यांचं "हं" म्हणजे ऐकलेलं असतं. बोलण्याच्या ओघात माझ्या एका चुलत्याचं नाव मी एकदाच घेतलं होतं, तासाभराने त्यांनी ते बरोबर घेतलं.

बोराटीच्या जाळीत सापडली. काटे इतके दाट की शेळीचं तोंड जाऊ नये आणि पोराचा हातही. आत, बोराटीलाच वेटोळा घालून, बारीक वेल, आणि तिच्यावर एक फूल. फिक्कट हिरवी नळी, खाली फुगीर, वर जांभळ्या पट्ट्या टोकाशी जुळून छोटासा पिंजरा झालेला. बोटाच्या पेराएवढा कंदील. इतकी वर्षं आम्ही कंदच खात आलो, वर बघायची सवडच झाली नव्हती.

सर पोटावर पालथे झाले. टोपी काट्यात अडकली. त्यांनी मलाही वाकायला लावलं आणि सांगितलं की बारीक माशी नळीत शिरते, आत उलटे केस असतात, त्यामुळे तिला बाहेर येता येत नाही. ती तिथेच फिरते, परागकण अंगाला लावून घेते.

"माझ्या सभेसारखं," मी म्हटलं. "आत येणं सोपं."

"फूल दुसऱ्या दिवशी सोडतं, बाई."

मी हसून संपायच्या आत ते उठले, फोटो काढले, टोपी काट्यातून सोडवली आणि पिशवी खांद्याला लावली. मी म्हटलं, घ्या की. ते म्हणाले, "एकच आहे. एकच असेल तर घेत नाही."

मला इतका राग आला की माझाच आवाज माळावर परत आला. पंधरा तारीख दारात आहे. हे फूल कागदावर गेलं नाही तर आमचा तालुका कोरा, कोरा म्हणजे पडीक, पडीक म्हणजे जेसीबी. तुमचं सोवळं जपून आमचा माळ जाणार. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, हिला घेऊन ठिपका दिला, तर तो ठिपका खोटा ठरेल. जिथे ती होती तिथे ती नसेल. आणखी शोधू.

एस.टी.पर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. गाडी हलल्यावर वाटलं, बरोबर होतं त्यांचं. आणि त्यांचा हात काट्याने फाटला होता, मी हळदसुद्धा विचारली नाही.

१४ ऑगस्ट

रोज माळावर जाते. दुसरी फुललेली वेल नाही. कोवळे पानांचे शेंडे आहेत, पण फूल दिसत नाही. एकटीचे डोळे पुरत नाहीत.

उद्याचं भाषण लिहून झालं. बावीस पानं. सुरुवातीला शेतीचा इतिहास, मध्ये कायदा, शेवटी आवाहन. सर म्हणाले, सुट्टी आहे, येतो. मी म्हटलं, भाषण ऐकायला? म्हणाले, "हं."

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं, ग्रामसभा शाळेच्या पटांगणात बसली. सर मागे, लिंबाच्या झाडाखाली, धनश्रीशेजारी. माझ्या हातात बावीस पानं.

संस्थेची माणसं चांगली होती. तरुण, घामाघूम, मनापासून आलेली. त्यांनी आधी पडद्यावर एक छोटी चित्रफीत लावली. उजाड माळ, तापलेलं ऊन, आणि त्यावर एका बाईचा आवाज: "आमच्या माळावर कुसळाशिवाय काही उगवत नाही! तिथे काही नाही, काही नाही, काही नाही!" आणि टाळ्यांचा कडकडाट.

आवाज ओळखीचा वाटला. मग पडद्यावर मी दिसले. तहसीलसमोरच्या टँकर-मोर्चातली, पदर खोचलेली, हात वर.

मग छगन म्हणाला, "बाई, कोनी शिकवलं तुमाला हे?"

असं हसू त्या शाळेत मी नोकरीभर ऐकलं नाही. आबासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी. भीमाबाई पाटावरून कलंडली. वाक्य माझं, टाळ्या माझ्या, मीच ते मोर्चा मोर्चाला म्हटलेलं, आणि पोरं ते पाठ करून मोठी झाली होती. मी बावीस पानांकडे बघितलं. त्यातही दुसऱ्या पानावर तेच वाक्य होतं. मागे बघितलं. सर हसत नव्हते. ऐकताना असतो तसाच चेहरा, पुढे काय म्हणते याची वाट बघणारा.

पानं मी टेबलावर ठेवली. माईक बाजूला केला. म्हटलं, "चला माळावर. सभा तिथे घेऊ."

आणि निघालो की. झेंड्याच्या दिवशीचे इस्त्रीचे कपडे घातलेलं सगळं गाव, पुढे संस्थेची मंडळी, मागे शाळेचं लेझीम पथक, त्यांना वाटलं मिरवणूक आहे म्हणून वाजवत. भैरोबापाशी मी सांगितलं, फूल असं असं दिसतं, उपटायचं नाही, दिसलं की जागेवर उभं राहून हाक द्यायची. आणि गाव पसरलं.

माझी एकटीची दोन बुबुळं रोज जिथे हरत होती, तिथे आता आख्खी ग्रामसभा वाकली. पहिली हाक छगनच्या बायकोची, रतनबाईची आली, निवडुंगाच्या आडून. "हितं हाय!" मग वरच्या वस्तीकडून. मग ओघळीपाशी दोन एकदम. "हितं बी हाय!" "आमच्यात लई हायती!" आमच्यात म्हणजे काय, सगळं गायरान आहे, पण ज्याच्या पायापाशी फूल त्याचा तो माळ झाला होता. मग नुसती खरपुडी राहिली नाही. हितं तितराचं घरटं हाय. हितं सशाची वाट हाय. ह्या गवताची झाडनी चांगली हुती. ज्या तोंडांनी जन्मभर वहीसमोर "न्हाई" म्हटलं, ती तोंडं थांबेनात. छगन तर संस्थेच्या माणसाला दंडाला धरून म्हणाला, "चला, आता माजी हीर बी दावतो. पानी हाय तिच्यात."

संस्थेची मुलगी गुडघ्यावर बसून त्या कंदिलात डोकावत होती. उठली तेव्हा तिनेच विचारलं, मग आमची झाडं कुठे लावू? आबासाहेब तयारच होते. शाळेभोवती, रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या काठाला. माळ जसा आहे तसा. हात वर झाले, ठराव तिथेच, उभ्या उभ्या.

आणि सर ओघळीपाशी बसले. तिथे वेली भरपूर होत्या, त्यांतली एक त्यांनी अलगद, कंद जमिनीतच ठेवून, फुलासकट घेतली. रद्दीत ठेवताना प्रत्येक पान बोटाने सरळ केलं. पट्टा आवळायला दुसरा हात लागतो. मी गुडघा टेकवला आणि त्यांनी ओढला.

१८ ऑगस्ट

कागदावरची चिठ्ठी मीच लिहावी असं सरांचं म्हणणं. मराठीत चालेल, म्हणाले, इंग्रजीत खाली ते लिहितील. "जागेचं वर्णन" या रकान्यात मी माळाच्या बाजूने चांगला परिच्छेद लिहिला. त्यांनी फोनवर ऐकून घेतला आणि सगळं कापून दोन शब्द ठेवले: उघडा माळ. मी वाद घातला नाही. बरे होते.

संग्राहक या रकान्यात मी लिहिलं, सूर्यभान धनवटे. त्यांनी परत पाठवलं, पुढे "आणि जया मुरूमकर" लिहून. खाली: आणि खडकदरा ग्रामसभा. धनश्री म्हणते, सरांनी आजवर दुसऱ्या कुणाचं नाव आपल्या शेजारी लिहिलेलं तिने पाहिलं नाही. मी म्हटलं, नियम असेल. म्हणाली, असेल आत्या, असेल.

नकाशाही आला. पांढऱ्या जामखेडात एक ठिपका. फोन इतका जवळ धरून बघितला की नाक लागून नकाशा मोठा झाला.

३० ऑगस्ट

सर आज आले होते, शेवटचे. म्हणजे नोकरीतले शेवटचे, उद्या निवृत्ती. त्या कागदाचा मोठा फोटो चौकटीत घालून शाळेसाठी आणला. भीमाबाईने त्यांना ज्वारीची भाकरी आणि ठेचा दिला. छगनने विहीर दाखवली, पुन्हा.

जामखेडला एस.टी. स्टँडपर्यंत मी सोडायला गेले. त्यांनी पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाले, पुणतांब्याच्या घरात आता कोणी नाही, राहुरीचं क्वार्टर सोडावं लागेल. माळाच्या नोंदी वर्षभर कोणी तरी ठेवायला हव्यात. मग टोपी हातात घेतली आणि विचारलं, "बाई, इथे माझ्यासारख्या माणसासाठी काही आहे का?"

मी म्हटलं, "इथे काय आहे सर? काही नाही. उन्हाळ्यात टँकर, लाईट जाते, माणसं भांडखोर."

"बरं," म्हणाले. गाडी आली. ते चढले. उभेच होते, जागा नव्हती.

घरी आल्यापासून करमत नाही. भाकरी करपली. एवढं भाड्याच्या खोल्यांबद्दल विचारलं, तर नीट माहिती तरी द्यायची.

३१ ऑगस्ट

धनश्रीचा फोन. तिच्या कॉलेजात सरांचा निरोप समारंभ झाला. सर दोन वाक्यं बोलले म्हणे आणि बसले. नंतर तिने विचारलं, जामखेडला जाणार ना आता? म्हणाले, नाही, तिथे काही नाही असं कळलं.

"आत्या," ती म्हणाली, "त्यांनी तुला काय विचारलं? आणि तू काय सांगितलंस?"

मी सांगितलं. शब्दाला शब्द. ती हळूच म्हणाली, "म्हणजे वहीवाला आला आणि तू विहिरीसमोर उभी राहिलीस."

फोन ठेवला. अंगणात गौरी येण्याची गडबड आहे, भीमाबाई दारात पावलं काढते आहे. मी ही वही उघडली आणि सवयीने लिहिलं: माझ्या भावांनो आणि बहिणींनो. मग थांबले. समोर कोणी भाऊ नाही, बहीण नाही. समोर छप्पन वर्षांची एक बाई आहे. तिला सगळ्या जगाच्या अन्यायावर बोलता येतं, आणि आपल्या दारात कुणी टोपी हातात घेऊन उभं राहिलं की ती रीतीप्रमाणे म्हणते, काय न्हाई.

तर तिच्याशीच बोलते. थोडक्यात, कारण सरांकडून तेवढं शिकले आहे.

जया, ते दुसऱ्यांदा विचारणार नाहीत. एकच फूल असलं तर हात न लावता परत जाणारा माणूस आहे तो. म्हणून उद्या सकाळची नगरची गाडी पकड, तिथून राहुरी. त्यांच्या दारात उभी राहा आणि सांग, आहे. मग त्यांना माळावर घेऊन ये. जागा मिळाली नाही तर उभ्याने जा.

चपला घाल.